माहेरपणाला आलेली नणंद, तिची मुलं आणि आपलं घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. घरात तुम्ही दोघं, सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी. मे महिन्यात ठाण्याहून नणंद मुलांना घेऊन चार दिवस येणार आहे. मोठा सात वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची. गेल्या खेपेला धाकटीच्या हातून शोकेसची काच फुटली, सासूबाई तिच्यावर जोरात ओरडल्या, नणंद दुखावली आणि एक दिवस आधीच निघून गेली. या वेळी तसं होऊ नये म्हणून काय करावं आणि ‘मुलांना जरा आवर’ हे तिला कसं सांगावं, असं तुम्ही विचारलं आहे.

ते सांगूच नका. या वाक्याने आजवर कुठलं मूल आवरलेलं नाही, फक्त आईचा चेहरा पडतो. माहेरी येणारी बाई विसाव्याला येते. घर, नोकरी आणि मुलं वर्षभर ओढल्यावर चार दिवस आई, भाऊ, वहिनी मुलांकडे बघतील, असं तिने मनाशी धरलेलं असतं. घरातल्या माणसांनी मात्र धरलेलं असतं की मुलांची आई समोरच बसली आहे, तीच बघेल. दोघांचंही म्हणणं रास्त आहे, पण त्यामुळे अडीच वर्षांचं मूल दहा-दहा मिनिटं कुणाच्याच नजरेत नसतं. काच फुटते ती त्या दहा मिनिटांत. म्हणून या चार दिवसांत एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: धाकटी आत्ता कुणाकडे आहे हे प्रत्येक वेळी नाव घेऊन, तोंडाने बोलून ठरलेलं असलं पाहिजे.

म्हणजे नेमकं कसं? नणंद आंघोळीला जाणार असेल तर ‘जरा लक्ष ठेवा हं’ असं खोलीत सगळ्यांना मिळून सांगून उपयोग नाही, ते कुणालाच सांगितल्यासारखं नसतं. ‘दादा, छोटी तुझ्याकडे, मी आंघोळीला जातेय’ असं म्हणायचं आणि दादाने ‘हो, माझ्याकडे’ असं उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय तिने जागचं हलायचं नाही. ज्याच्याकडे मूल आहे त्याने फोन खाली ठेवायचा. गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे मूल द्यायचंच नाही. आजोबांकडे द्यायचं तर पंधरा-वीस मिनिटांसाठी, तेही चित्रांचं पुस्तक, गोष्ट असलं बसून करायचं काही असेल तेव्हाच, कारण पळत्या मुलामागे त्यांना उठता येत नाही आणि काही झालं तर दोष मात्र त्यांच्या माथी येतो. सात वर्षांच्या मोठ्याला ‘बहिणीकडे बघ’ म्हणून जबाबदारी देऊ नये. तो खेळायला आला आहे, आणि त्या वयात एकाच गोष्टीवर तेवढा वेळ लक्ष टिकतही नाही.

मूल हातचं सुटण्याच्या वेळा बहुतेक ठरलेल्या असतात. पहिली, पाहुणे आल्या आल्या: दार उघडं, बॅगा मध्ये, सगळे नमस्कार-चमत्कारात. दुसरी, पानं घेण्याची वेळ: बायका ओट्याशी, पुरुष ताटं-पाणी मांडण्यात, आणि आमटीचं गरम पातेलं जमिनीवर किंवा टेबलाच्या कडेला. तिसरी, निघण्याची वेळ, आणि तीच सर्वांत वाईट. सगळे दारात गप्पा मारत उभे, लिफ्ट उघडी, खाली पार्किंगमध्ये गाडी मागे घेतली जातेय. या तिन्ही वेळी धाकटीला कडेवर घेणारा माणूस आधीच नेमून टाका.

नणंदेला विसावाही ठरवूनच द्या. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा मुलं मामाकडे, तेवढ्यात तिने झोपावं, मैत्रिणीकडे जावं, लक्ष्मी रोडला जावं. दुपारची झोप आणि रात्रीचं निजवणं तिच्याकडे, कारण परक्या घरात लहान मूल आईजवळच शांत होतं. एवढं आधी कळलं की उरलेला दिवस तीही आपसूक सावध राहते.

आता फोन. तो आठवडाभर आधी करा आणि तो तुम्ही करू नका, तुमच्या मिस्टरांनी बहिणीला करावा. ‘बाबा दोन ते चार झोपतात, त्या वेळी मुलांना आतल्या खोलीत ठेवू’ हे वाक्य भावाच्या तोंडी साधं वाटतं, वहिनीच्या तोंडी टोमणा वाटू शकतं. बोलण्यात आधी विचारणं, मग सांगणं. विचारायचं ते असं: मुलांना कशाची ॲलर्जी आहे का, रोजची औषधं कोणती, धाकटी रात्री डायपर घालते का, दुपारी किती वाजता झोपते, कुत्र्याची किंवा अंधाराची भीती आहे का, तिखट कितपत चालतं. सांगायचं ते तीन-चार गोष्टींपलीकडे नको. पाण्याची वेळ, बाबांची झोप, गॅलरीचं दार बंद ठेवण्याची पद्धत आणि झोपण्याची व्यवस्था. दहा सूचना केल्या की समोरच्याला आपण नकोसे झालो आहोत असं वाटायला लागतं.

झोपण्याबाबत एक आग्रह धरा. मुलं त्यांच्या आईवडिलांच्या खोलीत, त्यांच्याजवळ झोपतील. हॉलमध्ये सगळी पोरं ओळीने टाकायची आणि जो मोठा माणूस रिकामा असेल तो त्यांच्याशेजारी, ही जुनी पद्धत सोडून द्यावी. यात कुणावर संशय नाही. रात्री मूल दचकून उठलं तर त्याला आपलं माणूस दिसावं आणि कुणालाच अवघड प्रसंग येऊ नये. त्याच अंगाने, ‘आजीला पापा दे’, ‘मामाच्या मांडीवर बस’ अशी बळजबरीही नको. मुलाने नुसता हात हलवला तरी तो नमस्कारच समजावा.

घराच्या तयारीला दीड-दोन तास लागतात. गुडघ्यांवर बसून प्रत्येक खोलीतून एकदा फिरा, अडीच वर्षांच्या मुलाला दिसतं ते तेव्हाच तुम्हाला दिसेल. शोकेसमधल्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या करा. काचेच्या वस्तू समोर ठेवून ‘हात लावायचा नाही’ म्हणणं ही त्या वयाची परीक्षा आहे आणि त्यात मूल नापासच होणार. टीपॉयला काच असेल तर चार दिवस तो आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवा.

सगळ्यांत आधी सासऱ्यांच्या गोळ्या हलवा. सोमवार-मंगळवार असे कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा लहान मुलालाही उघडता येतो आणि आतल्या रंगीत गोळ्या त्याला जेम्ससारख्या दिसतात. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या औषधाची एक गोळीसुद्धा अडीच वर्षांच्या मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते, आणि हा परिणाम काही तास उशिरानेही दिसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचाही असाच, एका गोळीनेसुद्धा धोका असतो. डबा फ्रिजवर ठेवणं पुरेसं नाही, खुर्ची ओढून मुलं तिथवर पोचतात. कपाटात, कुलुपात ठेवा आणि किल्ली सासूबाईंकडे द्या. गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका. गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. रुग्णवाहिकेचा क्रमांक 108. पाहुण्यांच्या पर्समध्येही गोळ्या असतात, म्हणून पर्स दिवाणावर न टाकता खुंटीला उंच लावायची, हे नणंदेला आल्याबरोबर सांगा.

रिमोट, वजनकाटा, वाजणारी खेळणी यांतली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, म्हणून बॅटरीच्या झाकणांवर चिकटपट्टी लावा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, डासांच्या मशीनचं द्रव, थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं फिनेल, हे सगळं वरच्या माळ्यावर टाका. आपल्याकडे पाणी वेळेवर येतं आणि जातं, त्यामुळे मोरीत बादल्या भरलेल्या असतात. लहान मूल बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, अगदी वीतभर पाणीही पुरतं. चार दिवस बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, पिंपाला झाकण लावून त्यावर वजन ठेवा. आंघोळीच्या वेळी बादलीत आधी गार पाणी, मग गरम. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

गॅलरीत कठड्याजवळची कुंडी, स्टूल, खुर्ची, कपड्यांचा स्टँड, ज्यावर चढता येईल ते सगळं आत घ्या. कठड्याच्या गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर जाळी बांधा, नाहीतर गॅलरीचं दार वरच्या कडीने बंदच ठेवा. बाथरूमच्या दाराला आतून खाली कडी असेल तर मूल स्वतःला कोंडून घेतं आणि मग उघडता येत नाही म्हणून रडतं. दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकून ठेवा, दार पूर्ण लागतच नाही.

आता ओरडण्याचा प्रश्न, कारण गेल्या वेळी खरी जखम तिथे झाली. यात तीन प्रकार वेगळे ठेवावेत. मूल गॅसकडे, प्लगकडे, कठड्याकडे जात असेल तर जो जवळ आहे त्याने कुणाची परवानगी न घेता हात धरून उचलायचं. घराची पद्धत असेल, जसं सोफ्यावर चपला घालून चढू नये, देवघरातल्या वस्तू घेऊ नयेत, तर ती यजमानाने शांतपणे सांगायची: ‘आमच्याकडे देवघरात हात लावत नाहीत, ये, मी तुला घंटा वाजवायला देते.’ नकारापाठोपाठ हातात दुसरं काही देणं त्या वयात महत्त्वाचं असतं. तिसरा प्रकार म्हणजे हट्ट, रडणं, मारणं, उलट बोलणं. तिथे फक्त आईवडील बोलतील, बाकीच्यांनी गप्प राहायचं. ‘आमच्या मुली अशा नव्हत्या हो’, ‘आईने हेच शिकवलं का?’ ही वाक्यं मुलाला कळतही नाहीत, आईला मात्र वर्षभर पुरतात.

सासूबाईंना हे समजवायचं कामही मिस्टरांचं. नातवंडांवर आजीचा हक्क असतो आणि तो त्यांनी सोडावा असं म्हणू नये. ‘आई, धोक्याचं असेल तिथे तू लगेच धर, बाकी वेळी मला हाक मार’ एवढं त्यांना मान्य होण्यासारखं आहे, कारण त्यात अधिकारही राहतो आणि ओरडण्याचं ओझंही उतरतं.

पाहुण्या आईकडूनही इथे एक हमखास चूक होते. ‘बघ हं, मामी ओरडेल!’ म्हणून ती मुलाला गप्प करते. त्यामुळे मूल मामीला घाबरतं, मामी उगाच वाईट ठरते आणि आईचा शब्द हलका होतो. ‘मी नको म्हणतेय’ असं तिने स्वतःच्या नावावर सांगावं. तसंच यजमानांना बरं वाटावं म्हणून चारचौघांत मुलाला फटका मारणं, हेही पाहुण्यांनी टाळावं.

तुमच्या मुलीचा विचार यात मागे पडतो आणि मग तीच सगळ्यांत जास्त रडते. तिची खेळणी, तिची खोली, तिची आजी, सगळं एकदम वाटलं जातं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिला बसवून तिला अगदी प्रिय असलेल्या चार-पाच वस्तू निवडायला सांगा आणि तिच्या हाताने कपाटात ठेवून कुलूप लावा. बाकीचं सगळ्यांचं. एकदा कुलूप लागलं की कुणी मागितलं तरी ते उघडायचं नाही, ‘अगं दे ना, पाहुणी आहे ती’ म्हणायचं नाही. अडीच वर्षांच्या मुलाला वाटून खेळणं जमत नाही, तो त्याचा दोष नाही. म्हणून भरपूर नग असलेल्या वस्तू काढा: ठोकळे, रंगीत खडू, जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद, कणकेचे गोळे. एकच सायकल, एकच बाहुलीघर असेल तर ते चार दिवस दिसूच देऊ नका. दोन मुलांत ओढाताण झाली तर वस्तू उचलून वर ठेवा, कुणी आधी घेतली याचा निवाडा करत बसू नका.

जेवणात वेळ सर्वांत महत्त्वाची. मोठ्यांची पानं एक वाजता असतील तर मुलांची सव्वाबाराला. भूक टळून गेलेलं मूल जेवत नाही, आणि मोठ्यांच्या पंक्तीत त्याला भरवण्याच्या नादात आईचं जेवण गार होतं. वरणात फोडणी घालण्याआधी दोन वाट्या साधं वरण बाजूला काढा. मऊ भात, तूप, मेतकूट, पोळीचा पाव तुकडा. ताटात कमीच वाढावं, हवं तर परत मागेल. ‘एकच घास, माझ्यासाठी’ हा लाडाचा आग्रह मुलांच्या बाबतीत सोडा. चॉकलेट, बिस्किट, सरबत देण्याआधी आईला विचारा, आणि मुलासमोर विचारू नका, नाहीतर तिला नाही म्हणताच येत नाही.

पोहे आणि साबुदाण्याच्या खिचडीत अख्खे शेंगदाणे घालू नका, खिचडीत बारीक कूट घाला. चार-पाच वर्षांखालच्या मुलाची दाढ नीट चावत नाही आणि दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. फुटाणे, चिवड्यातले दाणे आणि डाळं, अख्खी द्राक्षं, सुपारीचा डबा, सगळ्याला तोच नियम. मुलाने पळत-पळत काही खायचं नाही, खाली बसूनच. घशात अडकून आवाज बंद झाला तर वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापा, तरी सुटलं नाही तर मागून धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाब, असं आलटून पालटून करत राहायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते.

दिवसाला बाहेर पडणं एकदाच ठेवा. अडीच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते, ती मोडली की संध्याकाळी ते चिडचिड करतं आणि त्यालाच आपण हट्टी म्हणतो. मे महिन्यात पुण्याचं ऊन अकरानंतर सोसवत नाही. सकाळी साडेसहाला तळजाई किंवा हनुमान टेकडी, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर सारसबाग, तिथूनच पेशवे पार्कातली 1956 सालापासूनची फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी. कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तो वार टाळा, आणि तिथे चालणं बरंच आहे, धाकटीसाठी कडेवर घेणारी दोन माणसं हवीत. वनाजहून मेट्रोने एक फेरी मारणं मुलांना पुष्कळ होतं.

पुढचं नणंदेला दाखवायला हरकत नाही. मुलाला ताप असेल, जुलाब थांबून 48 तास झाले नसतील, कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरली नसेल, तर येणं पुढे ढकलावं. घरात वयस्कर माणूस असताना ‘थोडंसंच आहे’ म्हणून येऊ नये. बॅगेत रबरी शीट, मुलाचं पांघरूण, रोजचा पेला-चमचा, औषधं आणि दोन-तीन खेळणी असावीत. मुलाचे ओले कपडे रोजच्या रोज स्वतः पिळून टाकावेत. वापरलेला डायपर संडासात टाकायचा नाही, ओल्या कचऱ्यातही नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका करून वेगळा द्यायचा. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी ही पद्धत रुजवली आहे, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला तो ठिपका बघून सावध होता येतं.

वस्तू फुटली तर आईने लगेच, एकदाच म्हणावं: ‘माझ्या मुलीच्या हातून फुटलं, मी भरून देते.’ दहा वेळा माफी मागितली की यजमानाला दहा वेळा समजूत घालावी लागते. यजमानाने किरकोळ वस्तू असेल तर ‘राहू दे’ म्हणावं आणि तो विषय पुन्हा काढू नये. वस्तू महागाची किंवा कुणाची आठवण असेल तर ‘वाईट वाटलंय, पण मुलीवर राग नाही’ एवढं खरं सांगून टाकावं; तोंडाने ‘काही नाही’ आणि दोन दिवस अबोला, यानेच माणसं तुटतात. आधी काचा. मुलांना सोफ्यावर बसवा, मोठे तुकडे चपला घालून वेचा, मग ओल्या वर्तमानपत्राने फरशी पुसा, बारीक कण त्यालाच चिकटतात.

निघताना ओटी भरणं, मुलांच्या हातावर पैसे ठेवणं हे होईलच. तिन्ही मुलांना रक्कम सारखी द्या, वयाप्रमाणे फरक करू नका. आणि भांडीवाल्या मावशींना पाहुणे येणार हे आधीच सांगून ठेवा, वाढलेल्या कामाचे पैसे आधी ठरवा. नणंदेने जाताना त्यांच्या हातावर काही ठेवलं तर ते वरचं, तुम्ही ठरवलेल्या पैशातून वजा करायचं नाही.